टर्बो बिघडला, की नळी फाटली?

टर्बोचार्जरची आकृती परीक्षेत आपण सगळेच काढतो. पण जुनी टर्बो गाडी ओढत नसेल, तर सुरुवात कुठून करायची?

उदाहरणासाठी स्वीडनची १९८४ सालची 'साब ९०० टर्बो १६' घेऊ. १९८५ सीसीचं पेट्रोल इंजिन, बॉशचं एलएच-जेट्रॉनिक इंजेक्शन. यात हवा मोजणारी गरम तार टर्बोच्या आधी असते. तिने जेवढी हवा मोजली, त्या हिशेबाने पेट्रोल सुटतं.

आता समजा, थ्रॉटलच्या पुढे मॅनिफोल्डच्या नळीला चीर गेली. आयडलला तिथे व्हॅक्यूम असतो. न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण लीन होतं, गाडी थरथरते. बूस्टवर उलटं! मोजलेली हवा बाहेर पळते, पेट्रोल मात्र तेवढंच. मिश्रण रिच, काळा धूर. चीर एकच, लक्षणं दोन.

सर्वांत धोक्याची, फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची बारीक नळी. बूस्ट वाढेल तसं पेट्रोलचं प्रेशरही वाढायला हवं. ही नळी फाटली, तर ऐन लोडवर पेट्रोल कमी पडतं, नॉकिंग होतं, पिस्टनही फुटू शकतो. 'चालतेय तोवर चालवू' इथे महागात पडतं.

म्हणून क्रम पाठ करा: आधी स्पार्क प्लग (गॅप वाढली की बूस्टवर मिसफायर), मग नळ्या-क्लॅम्प, मग फ्युएल प्रेशर. टर्बो सर्वांत शेवटी. इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये थोड्या दाबाची हवा भरा, जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला, की चोर सापडला! युक्ती पंक्चरवाल्याचीच, पण हजारोंचा टर्बो उगाच बदलण्यापासून वाचवते.