वारूळ सोडून उगवलेली अळंबी

आषाढात पाऊस लागून राहिला आणि मध्येच दोन-तीन दिवस उघडीप पडली, की भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि पडघ्याजवळ हायवेच्या कडेला कातकरी-वारली बायका अळंबी घेऊन बसतात. सागाच्या पानांवर वाटे मांडलेले असतात आणि प्रत्येक देठाच्या बुडाला ओली माती तशीच असते. गाडीतून उतरलेलं गिऱ्हाईक भाव करतं आणि हमखास विचारतं, "माती धुऊन का नाही आणत?" माझं त्या गिऱ्हाइकांना सांगणं असतं की माती राहू दे, देठ पूर्ण असू दे, आणि बाईला विचारा ही कुठून काढली. अळंबी खाण्याची आहे की नाही याचं निम्मं उत्तर त्या मातीत असतं.

मी भिवंडीत वनस्पतिशास्त्र शिकवते. पावसाळा सुरू झाला की माझ्या फोनवर अळंब्यांचे फोटो येऊ लागतात. विद्यार्थी पाठवतात, त्यांचे मामा-काका पाठवतात, माळशेजला किंवा भीमाशंकरला जाऊन आलेले ट्रेकर पाठवतात. सगळ्यांचे प्रश्न दोनच असतात. ही दुर्मीळ आहे का? आणि ही खाता येते का? या दोन प्रश्नांची सरमिसळ किती महागात पडू शकते ते मी जवळून पाहिलं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आधी रस्त्यावरच्या त्या अळंबीबद्दल. ती टर्मिटोमायसिस प्रजातीतली. रॉजे हाइम या फ्रेंच कवकशास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये या प्रजातीला हे नाव दिलं. ही बुरशी मोकळ्या मातीत नाही, वाळवीच्या घरात वाढते. वाळवी सुका पाला आणि लाकूड खाते आणि अर्धवट पचलेल्या त्या लगद्याची पोळी वारुळाच्या पोटात रचून त्यावर ही बुरशी वाढवते. बुरशी लाकूड मऊ करते आणि वाळवी ते खाते. पावसाळ्यात या पोळ्यांतून देठ वर निघतो, मातीचा जाड थर फोडून बाहेर येतो आणि मग छत्री उघडते. म्हणून तिचा देठ मातीखाली मुळासारखा निमुळता होत खोल जातो. छत्रीच्या मधोमध माती फोडणारा टोकदार उंचवटा असतो. छत्रीखालच्या पात्या आधी पांढऱ्या आणि पुढे फिकट गुलाबी होतात. वाळवीशिवाय हिची शेती बाजारापुरती अजून कुणालाही जमलेली नाही. बाजारात येणारी प्रत्येक अळंबी रानातल्या कुठल्यातरी वारुळातूनच आलेली असते.

माझ्या ओळखीच्या एक कातकरी मावशी आहेत. खाण्याची कुठली आणि विषारी कुठली हे कसं ओळखता, असं मी त्यांना विचारलं होतं. मला वाटलं होतं की त्या रंग, वास, देठ असं काहीतरी सांगतील. त्या म्हणाल्या, "वारूळ माझ्या ओळखीचं आहे. अळंबी कशाला ओळखू?" त्यांच्या आईने दाखवलेली वारुळं आहेत, त्याच जागी त्याच दिवसांत अळंबी येते, आणि त्या तेवढीच काढतात. बाकी रानात कितीही देखणी छत्री दिसली तरी हात लावत नाहीत. हे ज्ञान जागेला बांधलेलं आहे. जागा बदलली की त्याचा उपयोग संपतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आपल्यासारख्यांना ते नसतं.

आता घडलेली गोष्ट. भिवंडीच्या भोवती गोदामं किती पसरली आहेत ते इथल्या माणसाला सांगायला नको. भाताची खाचरं भराव टाकून बुजवली, वर शेड उभ्या राहिल्या आणि दर्शनी भागात शोभेचं लॉन लावलं गेलं. अशाच एका आवारात पावसानंतर लॉनवर पांढऱ्या मोठ्या छत्र्या उगवल्या. तिथे मालाची चढ-उतार करणारी काही मुलं झारखंडची होती. त्यांच्या गावाकडे पावसाळ्यात अशीच रानातली छत्री आवडीने खातात, तिला ती खुखडी म्हणतात, आणि तीही बहुतेक टर्मिटोमायसिसच असते. गावची खुखडी दारात उगवलेली पाहून त्यांना आनंद झाला. कांदा-मसाला घालून भाजी केली आणि संध्याकाळी जेवली. दोन तासांच्या आत सगळ्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले. रुग्णालयात सलाईन लागलं, रात्र कठीण गेली, पण सगळे बरे झाले.

त्याच कंपनीच्या ऑफिसात माझा एक जुना विद्यार्थी होता. त्याने मला फोटो पाठवला. फोटो वरून काढलेला. पांढरी छत्री, मधोमध तपकिरी खवले. अशा फोटोवरून ती कोणती हे मी सांगू शकत नव्हते आणि तसं त्याला कळवलं. लॉनवर उरलेल्यांपैकी एक मुळासकट काढून कागदात गुंडाळून आणायला सांगितलं. देठाचं बूड फुगीर होतं, खाली मूळ नव्हतं. देठावर कडं होतं आणि ते वर-खाली सरकत होतं. छत्रीखालच्या पात्या अजून बऱ्याचशा पांढऱ्या होत्या. छत्री कापून पात्यांची बाजू खाली करून कागदावर ठेवली आणि वर वाटी पालथी घातली. सकाळी कागदावर राखट हिरवा ठसा उमटला होता. हिरवे बीजाणू असणाऱ्या छत्र्या फार थोड्या आहेत. ही होती क्लोरोफायलम मॉलिब्डायटीज. उष्ण प्रदेशात लॉनवर, गवतावर, खताच्या मातीवर उगवणारी, आणि जगभर अळंबीच्या विषबाधेला वारंवार कारण ठरणारी. तिच्या पात्या वय झाल्यावरच हिरवट होतात. कोवळी असताना त्या पांढऱ्या असतात आणि नेमकी कोवळीच लोक भाजीला काढतात.

त्या मुलांना मी अडाणी म्हणणार नाही. त्यांच्या गावात त्यांचा अंदाज बरोबर ठरला असता. इथे भराव होता आणि बाहेरून आणलेली लॉनची माती होती. वारूळ कुठेच नव्हतं. २०११ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात कॅनबेरामध्ये असंच घडलं, पण तिथे शेवट वाईट झाला. वर्षाच्या शेवटच्या रात्रीच्या जेवणात रानातली छत्री शिजवली गेली आणि दोघांचा जीव गेला. ती होती अमॅनिटा फॅलॉइड्स, युरोपातून आणलेल्या ओक झाडांच्या मुळांबरोबर तिथे पोचलेली. आशियातून गेलेल्या माणसांना ती भाताच्या पेंढ्यावर वाढणाऱ्या ओळखीच्या अळंबीसारखी वाटते. दोन्ही कोवळेपणी अंड्याच्या आकाराच्या असतात आणि दोन्हींच्या बुडाशी पिशवी असते. फरक बीजाणूंमध्ये आहे. पेंढ्यावरचीचा ठसा गुलाबी, अमॅनिटाचा पांढरा. पण बंद छत्रीचा ठसा निघतच नाही. आपल्याकडे आसाममध्ये एप्रिल २०२२ मध्ये रानातली अळंबी खाऊन तेरा माणसं दगावली. त्यांत चहामळ्यांतली कुटुंबं होती.

ठाणे जिल्ह्यात एक गैरसमज मला फार भेटतो आणि तो आपल्या स्वयंपाकातूनच आला आहे. शेवळं खाजरी असतात, पण काकड किंवा चिंच घातली की खाज मरते. पिढ्यान्‌पिढ्या आपण हे करत आलो आहोत आणि ते बरोबरच आहे. त्यावरून लोक धरून चालतात की अळंबीचं विषही आंबट घालून, उकळून, पहिलं पाणी ओतून मारता येईल. अमॅनिटाचं विष उकळून जात नाही, वाळवून जात नाही, आंबटानेही जात नाही. भाताचा दाणा लाल झाला किंवा चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी, लसूण काळा पडला तर विषारी, किड्याने खाल्लेली असेल तर चांगली, या सगळ्या कसोट्या खोट्या आहेत. गोगलगायीला जे पचतं ते आपल्या यकृताला पचेलच असं नाही.

या विषाची सगळ्यात घातक बाजू म्हणजे वेळ. लॉनवरच्या त्या छत्रीने दोन तासांत पोट ढवळलं, ते एका अर्थी बरं झालं, कारण माणसं लगेच रुग्णालयात गेली. अमॅनिटाचं विष साधारण सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, गप्प राहतं. मग उलट्या-जुलाब होतात, दुसऱ्या दिवशी बरं वाटू लागतं, रुग्ण घरी जायचं म्हणतो. त्या वेळात यकृताच्या पेशी मरत असतात, कारण हे विष पेशीला प्रथिनं बनवण्यासाठी लागणारं कामच थांबवतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते, तोवर उशीर झालेला असतो. म्हणून शंका आली की थांबू नका. १०८ ला फोन करा. जेवलेल्या सगळ्यांना न्या, ज्यांना अजून काही होत नाही त्यांनाही आणि मुलांना आधी. किती वाजता खाल्लं ते कागदावर लिहून घ्या. उरलेली भाजी आणि कच्चा तुकडा, कचऱ्यातून काढावा लागला तरी, कागदात बांधून बरोबर घ्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. आणि एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. टोपलीत दोन-तीन प्रकारच्या छत्र्या असतील तर लवकर सुरू झालेल्या उलट्यांवरून 'ही साधी बाधा आहे' असा निष्कर्ष काढता येत नाही. दुसरी, उशिरा उठणारी छत्रीही त्याच भाजीत असू शकते.

आता ज्यांना खायचं नाही, नुसतं ओळखायचं आहे, दुर्मीळ काही सापडलं तर त्याची नोंद करायची आहे, त्यांच्याशी थोडं बोलते. ही आवड फार चांगली आहे आणि तिला माणसं कमी पडतात. जगात आजवर वर्णन झालेल्या कवकांच्या जाती दीड लाखाच्या आसपास आहेत आणि प्रत्यक्षात त्या २२ ते ३८ लाख असाव्यात, असा २०१७ चा एक अंदाज आहे. तुंगारेश्वरच्या भिवंडीकडच्या उतारावर किंवा तानसाच्या रानात तुम्हाला दिसलेल्या छत्रीची नोंद कुणीच केलेली नसणं अगदी शक्य आहे. पण 'दुर्मीळ' हा शब्द जपून वापरा. बुरशी वर्षभर मातीत, लाकडात धाग्यांच्या रूपात जगत असते. छत्री हे तिचं फळ आणि ते काही दिवसांचंच असतं. जाळीचा झगा ल्यालेली फॅलस बांबूच्या बेटात सकाळी दिसते आणि दुपारनंतर कोलमडलेली असते. तुम्हाला ती पहिल्यांदा दिसली म्हणजे ती विरळ आहे असं नाही. तुम्ही त्या सकाळी तिथे होतात, एवढंच त्यावरून कळतं.

फोटो काढा, पण एक नको. वरून, बाजूने, छत्री उलटी करून पात्यांचा आणि बूड उकरून देठाच्या शेवटाचा. बूड मातीत ठेवून छत्री तोडली की पिशवी आहे की मूळ, हा सगळ्यात मोलाचा पुरावा तिथेच राहतो. जवळचं झाड लिहा, कारण अमॅनिटासारख्या कित्येक छत्र्या ठरावीक झाडांच्या मुळांशी जोडलेल्या असतात. लाकडावर होती, शेणावर होती की मातीवर, ते लिहा. कापल्यावर रंग बदलतो का ते पाहा. ठसा अर्धा पांढरा आणि अर्धा काळा अशा कागदावर घ्या, नाहीतर पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत. फोनमधलं ॲप नाव सुचवेल. ते शोधाची सुरुवात म्हणून ठीक आहे, पण ॲपवर विसंबून पातेलं चुलीवर ठेवू नका.

बीजाणूंच्या रंगावर वर्गीकरण उभं केलं स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी, १८२१ पासून. अजूनही रानात उभ्या असलेल्या माणसाला त्यासारखी सोपी वाट नाही. पण नातं त्याने ठरत नाही. टर्मिटोमायसिस आणि पेंढ्यावरची अळंबी, दोघींचेही बीजाणू गुलाबी, आणि डीएनए तपासल्यावर दोघी वेगळ्या कुलांतल्या निघाल्या. उलट क्लोरोफायलममध्ये आता पांढऱ्या बीजाणूंच्या जातीही गेल्या आहेत. म्हणून जातीपर्यंत जायचं असेल तर सूक्ष्मदर्शक आणि डीएनए दोन्ही लागतात, आणि त्यासाठी वाळवलेला नमुना लागतो. प्लास्टिकच्या पिशवीत तो एका दिवसात सडतो. कागदी पिशवीत आणा आणि मंद उष्णतेवर कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत कवकांचं मोठं हर्बेरियम आहे. महाराष्ट्रातल्या छत्र्यांवरचं साठे-देशपांडे यांचं १९८० चं कामही त्याच संस्थेतलं. नीट नोंदी असलेला नमुना अशा ठिकाणी कामाला येतो. नोंदी नसलेला, कितीही सुंदर असला, तरी येत नाही. तानसा, तुंगारेश्वर, भीमाशंकर ही अभयारण्यं आहेत. तिथून काहीही उचलण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी हवी. ती नसेल तर फोटो आणि टिपण घेऊन परत या.

ओळख प्रजातीपर्यंत येऊन थांबली तर तिथेच थांबा. माझ्या वहीत 'अमॅनिटा, जात ठरलेली नाही' अशा नोंदी आहेत आणि त्या तशाच राहू देते. पुढचं नाव लिहिण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो, कारण पूर्ण नाव लिहिलं की काम झाल्यासारखं वाटतं.

आणि वारुळांबद्दल. अळंबी काढायला वारूळ खणू नका. पोळी फुटली की पुढच्या वर्षी तिथे काही येत नाही. मिटलेल्या कळ्या सगळ्या काढू नका, काही उघडू द्या. टिपणात ठिकाण म्हणून गावाचं नाव पुरे. नेमकं वारूळ त्या बायकांचं आहे. त्यांनी विश्वासाने दाखवलं तरी ते मोबाइलच्या नकाशावर टाकू नका.