कोणती टेस्ट, हे रानातच ठरतं

वडूजला आणि आसपास एम.एस्सी., पीएच.डी. करणारी मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक शेवटच्या टप्प्यावर. माहिती गोळा झालेली असते, संगणकात भरलेली असते, प्रबंध सादर करायची तारीख डोक्यावर असते. मग विचारतात, "सर, टी-टेस्ट लावू की काय-स्क्वेअर?" संख्याशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. तेवढ्या काळात या प्रश्नापायी झालेलं नुकसान मी जवळून पाहिलं आहे, म्हणून हे लिहितो.

एका मुलीला बटाट्यावर जिवाणू खताचा काय परिणाम होतो ते पाहायचं होतं. घरच्याच दोन रानांत तिने लागवड केली. खालच्या रानात खत घातलं, वरच्या रानात नाही. काढणीला दोन्हीकडची पन्नास-पन्नास झाडं घेऊन झाडागणिक बटाट्याचं वजन केलं. दोन हंगाम ती उन्हातान्हात राबली. टी-टेस्टचं पी-मूल्य 0.001 पेक्षाही कमी आलं आणि घरात पेढे वाटले गेले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी दोनच गोष्टी विचारल्या. खत किती रानांना घातलं? एका. खालच्या रानात ओल जास्त टिकते का? टिकते. प्रबंध परत आला.

टेस्ट खोटं बोलली नव्हती. दोन रानांच्या उत्पन्नात खरोखरच फरक होता. पण तो खताचा, ओलीचा की मातीचा, हे जगातली कोणतीही टेस्ट वेगळं करून सांगू शकत नाही. एका रानातली पन्नास झाडं एकाच पाण्यावर, एकाच मातीत वाढलेली असतात. खताबाबत ती पन्नास साक्षीदार ठरत नाहीत. खत स्वतंत्रपणे मिळालं ते रानाला, म्हणून मोजायची ती रानं. ती तिच्याकडे प्रत्येक बाजूला एकेकच होती. शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांतही हेच घडतं: एका तुकडीला नवी पद्धत, दुसरीला जुनी, आणि लिहायचं की नमुना ऐंशी विद्यार्थ्यांचा.

तेवढ्याच रानात तिला वेगळं करता आलं असतं. दोन्ही रानांत मिळून शेजारी-शेजारी वाफ्यांच्या सहा जोड्या पाडायच्या, प्रत्येक जोडीत खत कोणत्या वाफ्याला ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. जोडीतल्या दोन्ही वाफ्यांना ओल जवळपास सारखी, त्यामुळे तुलना जोडीच्या आत होते आणि टेस्ट आपोआप ठरते: जोडीची टी-टेस्ट, किंवा फरकांचा आकार फारच वेडावाकडा असेल तर विल्कॉक्सनची. खताचा काही परिणाम नसताना सहाही जोड्यांत एकच बाजू सरस ठरण्याची शक्यता 64 पैकी 2, म्हणजे साधारण 3 टक्के. शंभर झाडं मोजण्यापेक्षा हे बारा वाफे अधिक बोलले असते. पाणलोटाच्या कामाआधी आणि नंतर त्याच विहिरींची पातळी मोजली असेल, तर तिथेही जोडी आहे. अशा आकड्यांना दोन स्वतंत्र गटांची टेस्ट लावली की विहिरी-विहिरींतल्या मूळ फरकात खरा बदल बुडून जातो.

या विषयाचं एक मोठं नाव आपल्याच खटाव तालुक्यातलं आहे, हे इथल्या मुलांना माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं. पां. वा. सुखात्मे यांचा जन्म 1911 साली बुध गावचा. त्यांनी 1936 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून पीएच.डी. घेतली, तेव्हा परिकल्पना परीक्षणाचा पाया घालणारे नेमन आणि इगॉन पिअर्सन यांचं काम तिथेच चाललं होतं. वि. गो. पान्से यांच्याबरोबर त्यांनी शेती संशोधकांसाठी लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक 1954 पासून कृषी विद्यार्थ्यांच्या हातात आहे. पण त्यांचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम पीक कापणी प्रयोगांचं. उत्पन्नाच्या अंदाजासाठी शेतातून कापायचा तुकडा फार लहान घेतला तर हद्दीवरची ताटं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगून दिसतं, हे त्यांनी 1946 मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं. अशा चुकीवर नमुना वाढवून उपाय होत नाही. हजार तुकडे कापले तरी फुगवटा तसाच राहतो, उलट चुकीच्या आकड्यावरचा आपला विश्वास तेवढा वाढतो.

निकाल वाचतानाही असाच घात होतो. पी-मूल्य 0.03 आलं म्हणजे "खत उपयोगी असण्याची शक्यता 97 टक्के" असं मुलं बेधडक लिहितात. ते मूल्य एवढंच सांगतं की खताचा काहीच परिणाम नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने शंभरात तीनदा दिसला असता. तसंच 0.05 च्या वर गेलं की "फरक नाही" असं लिहू नये. पुरावा अपुरा, एवढंच त्यातून निघतं. वाफे चार असतील तर खरा फरकही निसटतो. म्हणून पी-मूल्याशेजारी फरक किती क्विंटलचा आणि त्याची विश्वास-मर्यादा कुठून कुठपर्यंत, हे लिहाच. शेतकऱ्याला तेच हवं असतं.

आणि प्रश्नावलीतल्या वीस प्रश्नांना वीस टेस्ट लावून जे सार्थक आलं तेवढंच छापणं थांबवा. कुठेही काहीही फरक नसला आणि प्रश्न एकमेकांपासून स्वतंत्र असले, तरी 5 टक्के पातळीवर वीसांत निदान एक सार्थक निघण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते. किती टेस्ट लावल्या ते प्रबंधात सांगा, मुख्य प्रश्न आधी लिहून ठेवा.

ज्यांची लागवड अजून व्हायची आहे, प्रश्नावली अजून छापायची आहे, त्यांनी आत्ताच एखाद्या संख्याशास्त्राच्या शिक्षकाकडे जावं. कोरा आराखडा घेऊन आलात तरी कोणी हसणार नाही. तुकडे किती, चिठ्ठी कशाला टाकायची, जोडी कुठे लावायची, एवढं त्या दिवशी ठरवून घ्या आणि मगच रानात उतरा.