खारपाटातील भात

आमचे शेत धरमतर खाडीच्या काठी, खारबंदिस्तीच्या आत आहे. कॉलेजात येणारा आमच्या घरातला मी पहिलाच, तोही कलाशाखेचा. तेव्हा शेतीशास्त्रावर लिहिण्याचा माझा अधिकार तो किती! परंतु दोन वर्षांपूर्वी, लावणी होऊन थोडेच दिवस झाले असताना बांधाला खांड पडली, उधाणाचे पाणी आत आले आणि शेजारशेजारच्या दोन खाचरांतले भात अगदी निराळे वागले. त्याचे कारण शोधता शोधता हा लेख झाला.

एका खाचरात वडिलांनी घरचा राता लावला होता. दुसऱ्यात माझ्या आग्रहावरून दुकानातले, भरघोस उताऱ्याचे बियाणे. आठ दिवसांत नव्या भाताच्या पातींचे शेंडे करपले आणि रोपे बसली. राता पिवळा पडला, पण पाऊस लागताच सावरला. त्या साली घरचे तांदूळ माघातच संपले.

भात हे मुळात मिठाला हळवे पीक. मातीतल्या पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षारता मोजतात. एकक डेसिसीमेन प्रति मीटर. साधारण ३ पर्यंत भात निभावतो. त्यापुढे प्रत्येक एककाला सुमारे १२ टक्के उत्पन्न घटते, म्हणजे ७ वर जवळजवळ निम्मे पीक गेले. समुद्राचे पाणी ५० च्या आसपास असते, हे वाचल्यावर मला आमच्या खांडीचा अर्थ कळला.

गंमत अशी, की उगवताना आणि फुटवे येताना भात मीठ बरेच सोसतो. कोवळे रोप आणि फुलोरा, या दोन अवस्था मात्र नाजूक. फुलोऱ्यात मीठ चढले तर पराग वांझ होतात आणि लोंबीत पळींज भरते. कोकणात पाऊस सरला की खालचे मीठ वर येऊ लागते, म्हणून खारपाटात लवकर पिकणारे वाण बरे. आवण जून असावे, चुडात रोपे जास्त धरावीत, हा आजीचा हट्टही शास्त्राला धरूनच होता!

मीठ सोसणारा भात मुळांनी घेतलेले सोडियम पातीपर्यंत फारसे पोहोचू देत नाही. पोहोचलेच तर जुन्या पानांत साठवून कोवळी पाने राखतो. केरळातील पोक्कळी या गुणासाठी जगभर प्रसिद्ध आहे. तिच्यातील ‘सॉल्टॉल’ नावाचा आनुवंशिक भाग संशोधकांनी इतर वाणांत उतरवला आहे. आमच्याकडचे भुरा राता, काळा राता याच जातकुळीतले.

मग सगळ्यांनी राताच का लावू नये? कारण तो उंच वाढतो, वाऱ्यापावसात लोळतो आणि चांगल्या सालीही उतारा बेताचाच देतो. ‘सहनशील’ या शब्दाने मी प्रथम फसलो होतो. तगणे वेगळे, पिकणे वेगळे. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ हे वाण काढले, ते ही दोन टोके जुळवण्यासाठीच. परंतु कोणताही वाण खांड बुजवत नाही. पूर्वी बांधावर घरटी एक माणूस चिखलाचे ढेप टाकायला जाई. आता आमच्या आळीतली निम्मी माणसे मुंबईला आहेत.

यंदा आम्ही वरच्या खाचरांत पनवेल-३ लावला आहे. बांधालगतच्या पट्ट्यात राताच. त्याचे बी वडिलांनी वेगळ्या कणगीत ठेवले आहे, आणि त्याविषयी मी आता वाद घालत नाही.