नमस्कार करणारी घरं

पिन जॉइंटवर मोमेंट शून्य असतो, हे आपण पेपरात कितीदा तरी लिहिलंय. पण शेतकऱ्यांनी पुस्तकाशिवाय तोच सांधा आपल्या छपरात बसवला होता, हे मला जपानच्या गिफू प्रांतातल्या ओगिमाची गावाविषयी वाचताना समजलं.

शिराकावा-गो भागातलं हे गाव डोंगरांमध्ये आहे आणि हिवाळ्यात तिथे प्रचंड बर्फ पडतो. बर्फ छपरावर साचू नये म्हणून गवताचं जाड छप्पर ६० अंशांपर्यंत उतरतं ठेवलेलं असतं. दोन तळवे जोडल्यासारखा आकार, म्हणून या शैलीचं नाव 'गाश्शो-झुकुरी'. गाश्शो म्हणजे हात जोडणं, आपला नमस्कारच!

खालचा मजला कसबी सुतार बांधायचे, वरचा त्रिकोणी सांगाडा मात्र गावकरी. त्यात खिळा नाही, सगळं दोरांनी आणि झाडाच्या लवचिक फांद्यांनी बांधलेलं. तिरक्या वाशांची खालची टोकं पेन्सिलीसारखी निमुळती करून तुळईच्या खाचेत नुसती टेकवतात. त्यामुळे वाऱ्यात सांगाडा जरा हलतो, पण मोडत नाही. माळ्यावर रेशमाचे किडे पाळायचे आणि खालच्या चुलीचा धूर वर जाऊन गवत-लाकडाला कीड लागू देत नसे.

हे गवत साधारण ३०-४० वर्षांनी बदलावं लागतं. एका कुटुंबाला ते झेपणारच नाही. म्हणून 'युइ' ही पद्धत: आज सगळे तुझ्या छपरावर, उद्या तू त्यांच्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र लोक शहरांकडे निघाले, शो नदीवरच्या धरणांखाली काही वस्त्या बुडाल्या, जुनी घरं विकली गेली. तेव्हा १९७१ मध्ये ओगिमाचीच्या रहिवाशांनीच तीन नियम केले: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. सरकारी संरक्षण १९७६ मध्ये मिळालं आणि युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव लागलं ते १९९५ मध्ये. म्हणजे गावकरी आधी, सरकार नंतर! आणि हे काही रिकामं म्युझियम नाही, लोक आजही तिथे राहतात.

आपण डिझाइन करताना लोड, मटेरियल, कॉस्ट सगळं बघतो. पण "हे पुढे दुरुस्त कोण करणार?" हा प्रश्न ड्रॉइंग शीटवर कुठेच नसतो. ओगिमाचीची छपरं टिकली ती या प्रश्नाचं उत्तर गावाकडे तयार होतं म्हणून. उद्याच्या इंजिनिअरांनी निदान हा प्रश्न तरी विचारायला शिकावं, असं मला वाटतं.