बारा गुंठे कोठे गेले?

समजा धाराशिव जिल्ह्यातील तामलवाडीच्या एका शेतकऱ्याने संगणकावरील अर्जात जमिनीचे क्षेत्र '२.२०' असे भरले. त्याला म्हणायचे आहे २ एकर २० गुंठे. संगणक मात्र हा दशांश अपूर्णांक समजतो. एका एकराचे ४० गुंठे, म्हणून ०.२० एकर म्हणजे अवघे ८ गुंठे. बारा गुंठे जमीन कागदावरून नाहीशी झाली!

रकान्यातून संगणकाकडे येते ती केवळ चिन्हांची ओळ. तिचा अर्थ कसा लावायचा, हा नियम माणसाने द्यायचा असतो. जँगोसारख्या, संकेतस्थळे बांधण्याच्या तयार चौकटींत असा रूपांतराचा नियम रकान्यागणिक लिहिता येतो. आपला नियम असा: ओळ टिंबापाशी तोडा, डावीकडील संख्येला ४० ने गुणा, उजवीकडील संख्या मिळवा. २ × ४० + २० = १०० गुंठे.

पण '२.५' आले तर? अडीच एकर, की २ एकर ५ गुंठे? येथे संगणकाने अंदाज करू नये. टिंबानंतर दोन अंक नसतील, किंवा ते ३९ हून अधिक असतील, तर नोंद परत करावी. आणि स्वीकारलेली नोंदही '२ एकर २० गुंठे, बरोबर?' अशी शब्दांत दाखवून खात्री करून घ्यावी.

आता सांगा: '१.३५' आणि '१.४५' यांपैकी कोणती नोंद परत येईल, आणि का?