दोन पॅनेल, चार बॅटऱ्या आणि मुलांची वही

भीमाशंकरच्या रानात मुलांचं निसर्गशिबिर भरतं, अशा जागी सौर संच बसवायचा तर दुकानाआधी वही गाठा आणि ती मुलांच्या हातात द्या.

रात्री काय लागतं, किती वेळ लागतं, हे त्यांनाच मांडू द्या. ९ वॅटचे १२ दिवे ४ तास म्हणजे ४३२ वॅट-तास. ३० वॅटचे ४ बीएलडीसी पंखे ६ तास, ७२०. प्रोजेक्टर १५०, मोबाइल-लॅपटॉप १५०. बेरीज १४५२, म्हणजे जवळपास दीड युनिट. गिझर आणि इस्त्री यादीत नकोच.

पावसाळा सोडला तर दिवसाला साधारण ५ तास भर उन्हाचे धरा. वायर, बॅटरी, इन्व्हर्टर यांत होणारी गळती मिळवली की ४१५ वॅटची गरज निघते. धूळ-ढगांसाठी ३३५ वॅटची दोन पॅनेल घ्या. तोंड दक्षिणेला, कल १९ अंशांच्या आसपास.

जागा मात्र घाईने ठरवू नका. सूर्य दक्षिणेला कलतो तेव्हा, म्हणजे डिसेंबरात, सावल्या सर्वात लांब पडतात. तेव्हा एक अख्खा दिवस मुलांना दर तासाला सावलीच्या कडेने चुन्याची रेघ मारू द्या. जांभळाची सावली आड आली तर पॅनेल हलवा, झाडाला हात लावू नका. पुढे संच सुरू झाला की एकाला जेवणाचं ताट पॅनेलच्या कोपऱ्यावर धरायला सांगा. एवढ्याशा सावलीने कंट्रोलरवरचा अँपिअरचा आकडा झपकन खाली येतो. हे एकदा पाहिलेलं मूल पॅनेलवरची पानं न सांगता झाडतं.

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्या घेऊन २४ व्होल्टची जोडणी करा. निम्मीच वापरली तरी दोन रात्री निघतात. चार्ज होताना ॲसिडच्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, म्हणून ती हवेशीर, कुलूपबंद खोलीत ठेवा. मुलांच्या झोपायच्या खोलीत कधीच नाही. जोडणी, फ्यूज, अर्थिंग जाणत्या वायरमनकडूनच. डिस्टिल्ड वॉटर मोठ्यांनी भरायचं, हातमोजे आणि चष्मा घालून.

मुलांचं काम आकड्यांचं. रोज सकाळी सगळं बंद असताना, ऊन चढायच्या आत, व्होल्टमीटर वाचून वहीत लिहायचं. २४.४ च्या खाली आला तर त्या दिवशी काटकसर. पॅनेल उतरवून पुसायची गरज नाही; काच गार असताना मऊ फडक्याने, साध्या पाण्याने पुसा.

अंगणातल्या दिव्यांना वेगळं बटण ठेवाच. मे सरता सरता काजवे चमकू लागतात, तेव्हा ते बंदच राहू द्या. तेवढी वीज वाचते ती वेगळीच.

आषाढात दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. तेव्हा काय बंद करायचं, तो क्रम आधीच भिंतीवर लिहून ठेवा: आधी प्रोजेक्टर, मग पंखे, मग वर्गातले दिवे. स्वयंपाकघराचा एक आणि संडासाच्या वाटेवरचा एक, हे दोन दिवे शेवटपर्यंत चालू.