दाविदाची गोफण
(एक शास्त्रपाठ व त्यातून मिळालेला धडा)



पवित्र शास्त्रातील गोष्टी वर्गात सांगण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. गोष्ट सांगावी, मुलांनी ती ऐकावी आणि शेवटी तात्पर्य फळ्यावर लिहून द्यावे, अशी आमची जुनी रीत. तीत दोष एवढाच, की तात्पर्य वहीत उतरते आणि वहीतच राहते. धैर्य व विश्वास हे गुण नुसत्या कानांनी शिकता येत नाहीत. ते हातांत मुरावे लागतात. हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण द्यावे, हा विचार महात्मा गांधींनी १९३७ साली वर्धा येथील परिषदेत देशापुढे मांडला. शास्त्रपाठासही तो लागू पडतो, असे मला वाटते. म्हणून अलीकडे मी प्रत्येक गोष्टीबरोबर मुलांस हातांनी काही करावयास देतो. दावीद व गल्याथ ह्यांचा पाठ आम्ही कसा केला, ते येथे सांगतो. ही गोष्ट शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात आहे. ती घरी सर्वांनी मिळून आधी वाचावी.

पहिला तास : गल्याथाचे माप

गल्याथाची उंची सहा हात एक वीत होती. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. प्रत्येक मुलाने आपापल्या हाताने भिंत मोजली, तेव्हा प्रत्येकाचा गल्याथ निराळ्या उंचीचा निघाला! मग अठरा इंचांचा हात धरून आम्ही खडूने रेघ मारली. ती सुमारे पावणेदहा फुटांवर आली. त्यासाठी स्टुलावर चढावे लागले. त्याचे चिलखत ५००० शेकेल वजनाचे होते. शेकेल सुमारे ११ ग्रॅमचा धरल्यास हे वजन ५५ किलो, म्हणजे सिमेंटच्या पोत्याहून जड होते. भाल्याचे पाते ६०० शेकेलांचे होते. आम्ही साडेसहा किलो ज्वारी फडक्यात बांधून लांब काठीच्या टोकास अडकविली आणि एकेकास ती काठी दुसऱ्या टोकाने उचलावयास सांगितली. कोणासही ती सरळ धरता आली नाही. इतका वेळ हसणारी मुले गप्प झाली. असला वीर चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ समोर येऊन ललकारी देत होता, आणि लढवय्ये पुरुष त्यास पाहून पळत होते, हे त्यांस आता कळले. भय किती मोठे होते ते कळल्याशिवाय धैर्याची किंमत कळत नाही.

दुसरा तास : शौलाचे चिलखत

जुने पुठ्ठे व बारदान ह्यांचे एक मोठे चिलखत आम्ही शिवले आणि वर्गातील सर्वांत लहान मुलाच्या अंगावर ते चढविले. शिरस्त्राण डोळ्यांवर आले, तलवार पायांत अडकली, आणि तो दोन पावलांतच खाली बसला. शौल राजाचे चिलखत दाविदाने ह्याच कारणासाठी उतरून ठेविले; त्यास त्याची सवय नव्हती. दुसऱ्याचे धैर्य उसने घेऊन अंगावर घालता येत नाही, हे ह्या तासाला सांगण्याची गरजच पडली नाही.

तिसरा तास : गोफण

ह्या तासाची तयारी मी घरून करून आणली होती : कापडाची पट्टी व तिला दोन सुतळ्या. ती मी अभिमानाने वर उचलून दाखविली. तोच शेवटच्या बाकावरून हळूच आवाज आला, "गुरुजी, ही गोफण न्हवं."

वर्ग हसला. तो मुलगा धनगराचा. दिवाळीनंतर त्याचे आईवडील मेंढरे घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात आणि हा आजीपाशी राहतो. त्याच्या अंगास मेंढरांचा वास येतो म्हणून मुले त्यास चिडवीत, आणि म्हणून तो कधी बोलत नसे. मेंढपाळाची गोष्ट मी वर्षानुवर्षे सांगत होतो. मेंढपाळाचा मुलगा माझ्यासमोर बसला होता. आणि त्यास मी एक शब्दही विचारला नव्हता. ह्याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो घायपाताचा वाख घेऊन आला, आणि त्या तासाला शिक्षक तोच झाला. वाख मांडीवर वळून दोन दोऱ्या करावयाच्या. मध्ये चार बोटे रुंद पट्टा विणावयाचा, त्यात गोफणगुंडा बसतो. एका दोरीच्या टोकास बोट जाईल एवढा फासा ठेवावयाचा आणि दुसरे टोक चिमटीत धरावयाचे. गोफण डोक्याभोवती फिरवून नेमक्या क्षणी चिमूट सोडली की गुंडा सुटतो. हुरड्यात आलेल्या ज्वारीची राखण पाखरांपासून अशीच करीत. मोकळ्या माळावर, सर्वांस मागे उभे करून आणि धोंड्यांऐवजी चिखलाचे सुके गोळे घेऊन आम्ही नेम धरला. (माणूस अथवा जनावर ह्यांच्या दिशेने गोफण फिरवावयाची नाही, हा नियम घरीही पाळावा.) दहा-दहा वेळा फेकूनही कोणाचा गोळा बाभळीस लागला नाही. त्या मुलाचे तीन गोळे लागोपाठ लागले. दाविदाचा नेम त्या एका दिवसाचा नव्हता. कोणी पाहत नसताना रानात काढलेल्या वर्षांचा होता, हे मुलांनी आपण होऊन सांगितले.

मग त्या मुलाने मला विचारले, "गुरुजी, दाविदाचा धोंडा चुकला असता तर?"

मी ठरीव उत्तर दिले, की परमेश्वर बरोबर होता, म्हणून तो चुकला नसता. तो म्हणाला, "मग आमच्या आबासंगं देव न्हवता व्हय? लांडगा आला तवा आबा काठी घेऊन पळाला. कोकरू गेलंच."

आमच्या बारामती-इंदापूरच्या माळरानांवर लांडगे अजून आहेत. ही कल्पित कथा नव्हती. मजजवळ उत्तर नव्हते. मी तास संपविला.

त्या रात्री मी दानिएलाच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढला. शद्रख, मेशख व अबेद्नगो ह्या तिघांनी राजास सांगितले, की आमचा देव आम्हांस भट्टीतून सोडविण्यास समर्थ आहे. पण त्याने सोडविले नाही, तरीही आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. त्यांचे धैर्य सुटकेच्या आधीचे होते. मग मला आपल्याच जिल्ह्यातील केडगावची आठवण झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी निराधार मुलींस तेथे आणून आसरा दिला. ते स्थान मुक्ती ह्या नावाने प्रसिद्ध झाले. तेथे मुली व स्त्रिया विणकाम, छपाई असे अनेक उद्योग शिकल्या. बाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले, आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला; तो पाहावयास त्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी हे सर्व मी वर्गास सांगितले, आणि त्या मुलास म्हणालो, "काल मी चुकीचे उत्तर दिले. धोंडा लागेलच अशी खात्री म्हणजे विश्वास नव्हे. दाविदाने ओढ्यातून पाच गोटे उचलले होते. लागो वा चुको, आपल्या हाती आहे ते घेऊन, परमेश्वराच्या भरवशावर पुढे जाणे हाच विश्वास. तुझे आबा अंधारात लांडग्यावर धावले, ती दाविदाचीच गोष्ट आहे. कोकरू वाचले असते, तरी ती ह्याहून मोठी झाली नसती."

तो काही बोलला नाही. पुढच्या सोमवारी तो दुसऱ्या बाकावर येऊन बसला. कोणी त्यास उठविले नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. दाविदाने शौलास सिंह व अस्वल ह्यांची हकीकत का सांगितली असेल?
२. तुम्ही कोणाचे 'चिलखत' घालून चालण्याचा प्रयत्न करता काय?
३. तुमच्या घरातील कोणी, यश मिळेल की नाही हे ठाऊक नसता, कोणते काम धैर्याने केले? त्यांस विचारून दहा ओळी लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पालकांच्या साहाय्यावाचून लिहिता येणार नाही. पालकहो, मुलांस आपल्या हाताचे कसब शिकवा. दोर वळणे असो, मोट शिवणे असो वा गोधडी घालणे असो, ते हलके समजू नका. आणि काम करता करता आपल्या फसलेल्या प्रयत्नांच्या गोष्टीही त्यांस सांगा. आपण हरूनही उभे राहिलो, हे मुलांस आपल्याच तोंडून कळले पाहिजे. मग गल्याथ समोर आला, तर ती राजाच्या चिलखताची वाट पाहत बसणार नाहीत.